पितळ चाळताना

स्वच्छ करणे आणि वेगळे करणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो. पण जिने आयुष्यात चार पायल्या तांदूळ निवडले आहेत तिला त्यांतला फरक नीट ठाऊक असतो. आमच्या मराठीने तर या वेगळे करण्यासाठी क्रियापदांचे एक कोठारच भरून ठेवले आहे. खळ्यावर वाऱ्याच्या तोंडी धान्य सोडायचे, म्हणजे उपणायचे. सुपात वरखाली झेलून फोलपट उडवायचे, म्हणजे पाखडायचे. तेच सूप हलक्या हाताने फिरवून खडे एका कडेला आणायचे, म्हणजे घोळायचे. पाण्यात हलवून जड खडा तळाशी बसू द्यायचा, म्हणजे रोळायचे. पीठ चाळायचे, काढा गाळायचा, भात वेळायचा, आणि हे सारे झाल्यावरही जे उरते ते बोटांनी एकेक करून निवडायचे. अमेरिकेत वाढणाऱ्या माझ्या नातीला मी ही यादी म्हणून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "आजी, एवढं सगळं फक्त भातासाठी?"

मी म्हटले, "नाही गं, दातासाठी!"

अलीकडे ही क्रियापदे पेन्शनीत निघाल्यासारखी झाली आहेत. तांदूळ निवडलेलेच येतात, पीठ चाळलेले येते, आणि सूप उरले आहे ते रुखवतात मांडण्यापुरते. पण गेल्या वर्षी मी सहा महिने लेकीकडे पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गच्या बाहेरच्या एका लहान गावी राहिले, आणि तिथे ही सगळी मंडळी मला पुन्हा भेटली. भेटली तीही कोणाच्या स्वयंपाकघरात नव्हे. शेजारच्या आजोबांच्या मोटार ठेवायच्या खोलीत. आणि तिथे चाळली जात होती ती बंदुकीची काडतुसे!

झाले असे की, शेजारून दुपारभर एक घरघर ऐकू येई. जात्यासारखी, पण जात्याला मधूनमधून जो श्वास असतो तो हिला नव्हता. मी जावयांना विचारले. ते म्हणाले, "आई, ते पुंगळ्या धुतात. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या. साफ करतात आणि पुन्हा भरतात. इकडे पुष्कळांना हा नाद आहे."

मला जरा चरकल्यासारखे झाले. काडतूस हा शब्द तसा आपल्या घरातला नव्हे. पाव, बटाटा, चावी यांच्याबरोबर तो पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरला. त्यांचा 'कार्तुशु' आपल्या जिभेवर काडतूस झाला. 1857 साली ज्या काडतुसांवरून फौजेत ठिणगी पडली ती कागदाची होती, चरबी लावलेली, दातांनी फोडायची. एवढे शाळेत शिकले होते. बाकी माझा बंदुकीशी संबंध म्हणजे दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा.

तो संबंध अगदीच निरुपयोगी ठरला नाही. चारआठ दिवसांनी आजोबांनी कुंपणावरून आपण होऊन बोलावले तेव्हा त्यांनी मला काडतुसाचे चार भाग दाखवले: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टिकली, पोटात दारू आणि तोंडात गोळी. घोडा पडतो, टिकली ठिणगी टाकते, ती एका बारीक भोकातून आत जाते, दारू पेटते आणि गोळी सुटते. टिकली, दारू आणि गोळी ही तिघे तिथल्या तिथे संपतात. उरते ती पुंगळी, आणि चौघांत बहुधा सर्वांत महाग तीच. शंभरांत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे तिचे पितळ असते. स्फोटाच्या क्षणी ती फुगून बंदुकीच्या आतल्या घराला घट्ट चिकटते, तप्त वायूला मागे फिरू देत नाही, आणि लगेच किंचित आक्रसून मोकळी होते. हे फुगणे आणि आक्रसणे पितळेला फार चांगले साधते. म्हणून तिला पुन्हा साच्यात दाबून मापात आणायचे, नवी टिकली बसवायची, तोलून दारू घालायची, वर गोळी बसवायची. असे अनेक वेळा करता येते.

पण साच्यात घालण्यापूर्वी तिची काजळी आणि माती गेली पाहिजे. नाहीतर साच्याला ओरखडे पडतात आणि मग तो साचा प्रत्येक पुंगळीला ओरखडे काढतो. त्यासाठी ते घरघरणारे यंत्र. पाहायला मोठ्या पातेल्यासारखे. मात्र थंडी भरल्यासारखे अखंड थरथरत असते. त्यात पुंगळ्यांबरोबर घालतात काय, तर मक्याचे दाणे काढल्यावर उरणाऱ्या बुरकुंडाची भरड, किंवा अक्रोडाच्या कवचांचा चुरा. अक्रोड जरा खरखरीत, तो मळ काढतो. मका मऊ, तो चकाकी आणतो. वर झाकणभर पॉलिश. तीनचार तास हे पातेले थरथरले की काळवंडलेली पुंगळी सोन्यासारखी होऊन बाहेर येते. राख आणि चिंच घेऊन दिवाळीआधी अर्धा दिवस मागच्या दारी बसणाऱ्या माझ्या आईला हे यंत्र दाखवायला हवे होते, असे मला वाटले.

आजोबा म्हणाले, "चकाकी आणणं सोपं आहे. काम खरं इथून पुढे."

आणि मग त्यांनी चाळण काढली.

ज्याने मळ काढला तोच आता मळ झालेला असतो. ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथमच इतकी स्पष्ट दिसली. घासणीचे काम संपल्यावर घासणी भांड्यात राहता कामा नये. पण भरड तर पुंगळीच्या पोटात शिरल्याशिवाय तिला साफ करीत नाही, आणि एकदा शिरली की सुखासुखी बाहेर येत नाही. मोठ्या भोकांच्या चाळणीतून बरीचशी खाली पडते. उरलेलीसाठी त्यांच्याकडे एक पिंजरा होता. सोडतीच्या चिठ्ठ्या घोळवायचे पिंप असते ना, तसा जाळीचा गोल पिंजरा टबावर आडवा बसवलेला. हाताने दांडा फिरवायचा, थोडे पुढे, थोडे मागे. पुंगळ्या एकमेकींवर खळखळतात, उलट्यापालट्या होतात, आणि भरड खाली टबात. पिस्तुलाच्या आखूड पुंगळ्या लवकर रिकाम्या होतात. हरणांच्या शिकारीच्या रायफलीची पुंगळी मात्र लांब, आणि मानेशी अरुंद. आजोबांच्या वडिलांची रायफल 'थर्टी-ऑट-सिक्स' जातीची होती. तीस म्हणजे इंचाचे शंभरांश तीस, आणि सिक्स म्हणजे 1906 साल. तिच्या पुंगळीत भरड अशी बसते की जशी तांब्याच्या गळ्यात चिंच. आणि बुडाशी ते ठिणगीचे भोक, जेमतेम दोन मिलिमीटरचे! त्यात मक्याचा एखादा कण नेमका अडकतो, जणू तो त्याच मापाने कातलेला असावा.

आणखी एक गंमत सांगायची तर, लहान पुंगळी मोठ्या पुंगळीच्या पोटात शिरते. नऊ मिलिमीटरची पुंगळी चाळीस मापाच्या पुंगळीत, आणि ती जोडी पंचेचाळीसच्या पोटात, अशी वाटीत वाटी बसते. मग आतली साफ होत नाही, बाहेरची साफ होत नाही, आणि दोघींच्या मध्ये भरड कोंडून राहते. म्हणून आधी माप पाहून वेगवेगळे ढीग करायचे. भांडी घासायला टाकताना एकात एक अडकलेल्या वाट्या सोडवूनच टाकाव्या लागतात, हे कोणत्याही बाईला सांगायला नको.

मी त्यांना विचारले, "हे सुपात घोळलं तर?" सूप म्हणजे काय हे दोन्ही हातांनी हवेत करून दाखवले. त्यांना ती चाल फार आवडली. पण त्यांनी मान हलवली. "धूळ उडेल. या धुळीत शिसं आहे."

काडतुसाच्या टिकलीत शिशाचा एक स्फोटक क्षार असतो. ती फुटली की त्याचा अंश पुंगळीत राहतो आणि घासताना भरडीत उतरतो. भरड जितकी जुनी तितकी ती विषारी. म्हणून चाळायची ती झाकण लावून, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून. चाळणी स्वयंपाकघरातली वापरायची नाही, आणि वापरलेली परत स्वयंपाकघरात न्यायची नाही. जुनी भरड बागेत टाकायची नाही. ती घातक कचऱ्यात द्यायची. माझ्या सासूबाई कल्हईच्या कथलात शिसे मिसळणाऱ्या कल्हईवाल्याला दारात उभा करीत नसत, त्याची मला आठवण झाली. लहान मुलांच्या रक्तात शिसे किती असले तर चालेल, याला सुरक्षित असे मापच नाही. आजोबा काम झाल्यावर दारातच जोडे बदलीत, कोपरांपर्यंत हात धूत, आणि माझी सहा वर्षांची नात कुंपणाशी आली की काम बाजूला ठेवून बाहेर येत. तिला त्यांनी त्या खोलीचा उंबरा एकदाही ओलांडू दिला नाही. ती रुसे, तेव्हा तिची समजूत घालायला त्यांच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असत. त्याही ते हात धुतल्यावरच काढीत.

या धुळीपायीच त्यांनी पुढे पुढे कोरडी रीत सोडून ओली धरली होती. एका गोल पिंपात पुंगळ्या, पाणी, भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब, चिमूटभर सायट्रिक आम्ल, म्हणजे आपल्या लिंबाचाच गुण, आणि न गंजणाऱ्या पोलादाच्या हजारो बारीक सळया. टाचणीचे डोके आणि टोक छाटून मधला तुकडा घ्यावा तेवढ्या. पिंप फिरत राहते, सळया पुंगळीच्या कानाकोपऱ्यांत शिरतात, आणि पितळ आतूनसुद्धा लखलखते. पण पुन्हा प्रश्न तोच: सळया काढायच्या कशा? ओल्या सळया पितळेला चिकटून बसतात. झटकल्या तरी सुटत नाहीत. आजोबांनी तो पिंजरा पाण्याने भरलेल्या टबात पार बुडवला आणि पाण्याखाली फिरवला. सळया मुकाट्याने सुटून तळाशी बसल्या. ओलेपणाने चिकटलेले बुडाल्यावर सुटते, कारण चिकटवणारा पाण्याचा पापुद्राच मग उरत नाही.

मी म्हटले, "याला आम्ही रोळणं म्हणतो." त्यांनी तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला. त्यांना 'ळ' काही आला नाही.

तळाच्या सळया गोळा करायला लोहचुंबक. पोलाद त्याला चिकटते, पितळ चिकटत नाही. आमच्या तांदळात असा काही सोयीचा भेद देवाने ठेवला असता तर बायकांचे किती डोळे वाचले असते!

एवढे झाले की पुंगळ्या उन्हात वाळत घालायच्या. आत पाण्याचा थेंब राहिला तर दारू बिघडते. आणि मग शेवटचे काम, निवडणे. दिव्याखाली ताटात पन्नास पुंगळ्या उभ्या करायच्या, एकेक उचलायची, उलटी करून टेबलावर टिचकायची, आत डोकवायचे, भोकातून उजेड दिसतो का पाहायचे. भोक बुजले असेल तर दारू पेटणार नाही किंवा उशिराने पेटेल. पोटात भरड राहिली तर दारूची जागा कमी होते, आणि जागा कमी झाली की दाब वाढतो. तो दाब चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो. दोन सळया पुंगळीच्या मानेत आडव्या अडकून बसतात, त्या तर वरवर पाहणाऱ्याला दिसतही नाहीत. "यंत्रावर विश्वास ठेवायचा तो इथपर्यंत," आजोबा म्हणत, "इथून पुढे डोळ्यांवर."

पितळेची आणखी एक हकिकत जावयांनी सांगितली. ते धातूंचे इंजिनिअर. ती हकिकत आपल्याच देशातली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळाभर तबेल्यांत ठेवलेली असत. पावसाळा संपल्यावर पाहावे तो पुंगळ्यांना भेगा गेलेल्या! कोणी हात लावलेला नाही, कोणी आपटलेल्या नाहीत. मोसमात तडकतात म्हणून इंग्रजांनी त्याला 'मोसमी तडा' असे नाव दिले. उलगडा झाला तो 1921 साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी तो केला. घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघतो, तो दमट हवेत पितळेवर बसतो. पण तेवढ्याने पितळ तडकत नाही. पुंगळी थंड असताना ओढून, दाबून घडवलेली असते. त्या ओढाताणीचा ताण तिच्या अंगात कोंडून राहिलेला असतो. वरून ती गुळगुळीत दिसते. अमोनिया फक्त त्या ताणाला वाट करून देतो. उपायही साधा निघाला: घडवल्यावर पितळ हलके तापवायचे, म्हणजे ताण निवतो. म्हणूनच आजही हे लोक अमोनियाचे पॉलिश पुंगळ्यांना लावीत नाहीत. चाळणीने निघतो तो परका कण. अंगातला ताण चाळणीने निघत नाही, त्याला ऊबच लागते.

हे ऐकल्यावर माझ्या मनात जे बरेच दिवस घोळत होते ते मी एकदा आजोबांना विचारले. "एवढी स्वच्छता, एवढी काळजी, आणि शेवटी होतं काय? गोळीच ना?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, वर्षाला कागदाची पुष्कळ लक्ष्ये आणि एक हरीण. हरणाचे मांस हिवाळाभर पुरते. ते विकत नाहीत, वाया घालवीत नाहीत. एवढे सांगून ते थांबले. आपले म्हणणे मला पटले की नाही हे त्यांनी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

कारण सांगायला सोपे नव्हते. त्याच आठवड्यात नात शाळेतून येऊन सांगत होती की आज कवायत झाली. कसली? तर दिवे बंद करायचे, दाराला कडी घालायची, आणि सगळ्यांनी कोपऱ्यात मुकाट बसायचे. जो शिंकेल तो हरला. बंदूक घेऊन कोणी शाळेत शिरला तर काय करायचे याची ती कवायत. तिला तो खेळ वाटत होता. ती ते सांगत असताना पलीकडे ती घरघर चालू होती, आणि मी लेकीच्या तोंडाकडे पाहिले तो तिने कोथिंबीर निवडता निवडता मान खाली घातली होती. धूळ लागू नये म्हणून पोरीला उंबऱ्याबाहेर ठेवणारा माणूस याच देशातला, आणि ती कवायतही याच देशातली. या दोहोंची चाळण कशी करायची? आणि परक्या देशाला नावे ठेवून मोकळे होण्याची सोय मला नाही. मी पुण्याची. आमच्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 सालापासून चालू आहे. पितळेच्या डब्यातून जेवलेली किती घरे त्या पितळेवर जगली आहेत. काही गोष्टी एकमेकींत वाटीत वाटीसारख्या बसलेल्या असतात. त्या सोडवल्याखेरीज कोणतीच साफ होत नाही, आणि त्या सोडवण्याची युक्ती मला तरी कोणी शिकवलेली नाही.

ऑक्टोबरात पाने लाल झाली. हरणांचा हंगाम जवळ आला. एका संध्याकाळी आजोबांनी मला ताट दाखवले. पन्नास पुंगळ्या, त्यांनी स्वतः पाहून पसंत केलेल्या. "तुम्ही एकदा पाहता?" म्हणाले. मी दिव्याखाली पाहिल्या. आयुष्यभर खडे निवडलेले डोळे, आणि मोतीबिंदू काढून झालेला. त्रेचाळिसावीच्या मानेत काहीतरी चमकले. आडव्या अडकलेल्या दोन सळया.

त्यांनी ती पुंगळी हातात घेतली, भिंगातून पाहिली, टाचणीने सळया काढल्या आणि चुंबकाला लावून ठेवल्या. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "चाळण शाबूत आहे. नजर गेली."

दुसऱ्या दिवसापासून घरघर थांबली. यंत्र, पिंजरा आणि साचे त्यांनी नेमबाजीच्या मंडळातल्या एका तरुणाला दिले. त्याला आधी दोन दुपारी बसवून घेतले आणि शंभर पुंगळ्या निवडायला लावल्या. वडिलांची रायफल तेल देऊन कुलपात गेली. त्या वर्षी ते हरणाला गेले नाहीत. म्हातारपणी माणसाला बऱ्याच गोष्टी सोडाव्या लागतात. पण कोणी सांगायच्या आत, एका ताटभर पुराव्यावर, न कुरकुरता सोडणारी माणसे मी थोडी पाहिली आहेत. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या किल्ल्यांवरून काय काय होते ते मला ठाऊक आहे!

उरलेल्या पुंगळ्या भंगारवाल्याकडे वजनावर गेल्या. आपल्याकडे जुनी भांडी तांबटाला मोडीत देतात तशाच. जावई आणि मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. भंगारवाल्याने बादली काट्यावर ठेवण्यापूर्वी एक मोठे चुंबक तिच्यातून सावकाश फिरवले, न जाणो आत लोखंड असेल म्हणून. चुंबकाला काहीही चिकटले नाही. आजोबा माझ्याकडे पाहून हसले. मग काट्यावर वजन झाले, पैसे मिळाले, आणि बादली पितळेच्या ढिगावर रिकामी झाली. त्या ढिगात नळाच्या तोट्या होत्या, दाराच्या मुठी होत्या, कोणाच्या तरी घरातली एक वाकडी मेणबत्तीदाणी होती. आता सगळे एकत्र वितळणार होते. त्यातून पुढे काय घडेल ते घडवणाराच्या हाती.